पाय मोकळे करून येताना

2021 मध्ये, कोविडच्या लॉकडाऊनमध्ये आलेल्या एका पत्राला लिहिलेलं हे उत्तर आहे. तुम्ही विचारलेलं आधी थोडक्यात मांडते. लॉकडाऊनमुळे दिवसातून एकदाच, अर्धा तास, तेही घराच्या आसपास फिरायची मुभा आहे. तुम्ही रोज जाता. ठरलेला एकच रस्ता, तीच वळणं, तीच दारं. चालताना बरं वाटतं, पण परत येऊन दार लावलं की जाण्याआधी होतं त्याहून जास्त कोंडल्यासारखं होतं. मग एवढ्याशा फेरीने खरंच काही साधतं का, आणि परतल्यावर असंच वाटणार असेल तर जायचंच कशाला, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

दुसऱ्यापासून सुरुवात करते, कारण तो फारसं कुणी उघडपणे विचारत नाही. वीसहून अधिक वर्षं मी समुपदेशनाचं काम करते आहे. महामारीत ते जवळजवळ सगळं फोनवर आलं, आणि ‘फिरून आल्यावर उलट वाईट वाटतं’ हे वाक्य मी कित्येक जणांकडून ऐकलं. सांगताना प्रत्येकाचा आवाज खाली गेलेला असतो. ज्याने सगळ्यांना बरं वाटतं ते आपल्याला लागू पडत नाही, म्हणजे आपल्यातच काहीतरी बिघडलंय, अशी भीती त्यामागे असते. बिघडलेलं काही नाही. बराच वेळ पाय दुमडून बसलं की तो बधिर होतो, पण मुंग्या येतात त्या पाय सोडल्यावर. तोपर्यंत तो आखडलाय हेच आपल्याला कळलेलं नसतं. बंद घरात आठवडेच्या आठवडे काढताना मनही असंच बधिर होत जातं. त्याच चार भिंती रोज सोसता याव्यात म्हणून मनाने शोधलेला तो उपाय असतो. तुम्ही बाहेर पडता, जाण जागी होते आणि ती जागी असतानाच तुम्ही आत येता. म्हणून भिंती जवळ आल्यासारख्या वाटतात. त्या कालही तेवढ्याच जवळ होत्या.

तेव्हा परतल्यावरचं कोंडलेपण म्हणजे फेरी वाया गेली, असं मी मानत नाही. पण ते सोसत राहा, असंही म्हणणार नाही. त्यावर करण्यासारखं बरंच आहे.

आपण परत कसे येतो ते एकदा बघा. वेळ संपत आली म्हणून शेवटची पाच मिनिटं घाईत, घड्याळाकडे बघत. आत आल्यावर मास्क काढायचा, हात धुवायचे आणि धुतलेल्या हातात पहिली वस्तू घ्यायची ती फोन. त्यात आजचे आकडे, ओळखीतल्या कुणाच्या आजारपणाचा निरोप, कामाचे राहिलेले मेसेज. बाहेरचा अर्धा तास आणि आतला दिवस यांच्यामध्ये एकही पायरी उरत नाही, आपण वरून थेट खाली पडतो. माझा अनुभव असा की लोक फेरी सुधारण्यासाठी खूप धडपडतात, वेगळा रस्ता शोधतात, वेग वाढवतात. परतणं मात्र कुणी हातात घेत नाही. खरी दुरुस्ती तिथे लागते.

अर्ध्या तासाची मुभा असेल तर बाराव्या मिनिटाला मागे फिरा. येताना तोच रस्ता तुम्हाला पंधरा-सोळा मिनिटांत सावकाश चालता येईल आणि दाराशी दोन मिनिटं हातात उरतील. ती दोन मिनिटं दाराबाहेर नुसतं उभं राहा. श्वास खाली बसू द्या. आत गेल्यावर काय करायचं ते निघण्याआधीच ठरवून, मांडून ठेवलेलं असू द्या, आणि ते हाताने करायचं काम असू द्या: कपड्यांच्या घड्या, कुंडीला पाणी, एखादा कप्पा आवरणं. फोन वीसेक मिनिटं दुसऱ्या खोलीत. घरात कुणी असेल तर आज बाहेर काय दिसलं ते एका वाक्यात मोठ्याने सांगा. एकटे राहत असाल तर लिहा.

या लिहिण्याबद्दल थोडं जास्त सांगते. एकट्या राहणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका माझ्याशी दर आठवड्याला बोलायच्या. दिवस कुठला, वार कुठला, काहीच लक्षात राहत नाही म्हणून त्या घाबरल्या होत्या. स्मृतिभ्रंशाची सुरुवात तर नाही ना, असं त्यांना वाटत होतं. मी त्यांना फिरून आल्यावर रोज फक्त एक ओळ लिहायला सांगितली. दोन महिन्यांनी त्यांनी मला ती वही फोनवर वाचून दाखवली. कोपऱ्यावरच्या घराच्या फाटकाला नवा रंग. मांजरीची पिल्लं, तीन. पिल्लं दोनच दिसली. तिसरं कुंपणावर होतं. वाचता वाचता त्या थांबल्या आणि म्हणाल्या, ‘म्हणजे दिवस गेले होते तर.’ स्मृतिभ्रंश वगैरे काही नव्हतं. आपली आठवण काळ मोजते ती बदलांवरून. बदलच नसले की दहा दिवसांची घडी होऊन एकच दिवस उरतो. बाहेरची फेरी रोज एक तरी खूण आणून देते, आणि ती उचलून ठेवली तर आठवड्याला पुन्हा सात दिवस होतात.

फेरी दिवसात कुठे बसवली आहे हेही तपासा. तिच्यानंतर काहीच नसेल, संपूर्ण दिवस तिचीच वाट पाहण्यात जात असेल, तर ती संपली की दिवसच संपतो. मग दार लावताना पोटात खड्डा पडणारच. तिच्यानंतर एखादी गोष्ट ठेवा, मैत्रिणीला ठरलेल्या वेळी फोन, मुलांबरोबर पत्त्यांचा डाव, काहीही. ‘पाय मोकळे करून येते’ असं आपण म्हणतो, त्यात मोकळं होण्याइतकंच येणंही आहे. सध्या तुमचं पहिलं नीट होतंय, दुसरं राहून जातंय.

आता पहिला प्रश्न, एवढ्याशा फेरीने काही साधतं का.

दहा हजार पावलं हा आकडा तुमच्या मनात असेल तर तो आधी बाजूला ठेवू. तो डॉक्टरांच्या संशोधनातून आलेला नाही. 1965 मध्ये जपानमध्ये पावलं मोजण्याचं एक यंत्र विक्रीला आलं, त्याचं नाव ‘मान्पो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. नाव लक्षात राहण्यासारखं होतं आणि आकडा जगभर गेला. आपल्या भाषेत शतपावली हा शब्द आहे, त्यात मोजून शंभरच पावलं आहेत.

निसर्गात घालवलेल्या वेळाचा एक मोठा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. इंग्लंडमधल्या जवळजवळ 20,000 लोकांची माहिती त्यात होती. आठवड्याला एकूण 120 मिनिटं किंवा त्याहून जास्त वेळ झाडझाडोऱ्यात घालवणाऱ्यांमध्ये आपली तब्येत चांगली आहे आणि मन समाधानी आहे असं सांगणाऱ्यांचं प्रमाण जास्त होतं. एक गोष्ट नीट समजून घ्या: अशा पाहणीवरून निसर्गामुळेच बरं वाटलं असं सिद्ध होत नाही, कारण मुळात बरं वाटणारी माणसंही जास्त बाहेर पडत असतील. पण त्यातलं एक निरीक्षण तुमच्या कामाचं आहे. ती 120 मिनिटं एका दमात घालवली की तुकड्यातुकड्यांनी, याने फरक पडला नव्हता. सातांनी भागा, दिवसाला सतरा मिनिटं येतात. तुमच्याकडे तीस आहेत.

आणखी एक मापदंड सांगते, जरा वेगळ्या जगातला. कैद्यांना कसं वागवावं याचे किमान नियम संयुक्त राष्ट्रांनी 2015 मध्ये नव्याने मंजूर केले. त्यांना नेल्सन मंडेलांचं नाव दिलेलं आहे. हवामान बरं असेल तर उघड्यावर काम नसलेल्या प्रत्येक कैद्याला दिवसातून किमान एक तास मोकळ्या हवेत व्यायाम मिळाला पाहिजे, असं त्यांत लिहिलं आहे. लॉकडाऊन म्हणजे तुरुंग नव्हे, इतरांचा जीव वाचावा म्हणून आपण ते पाळतो आहोत. पण मोकळी हवा ही चैन नाही, माणसाला माणूस म्हणून राहण्यासाठी लागणारी किमान गोष्ट आहे, हे जगाने कागदावर लिहून ठेवलंय. ‘लोक मरतायत आणि मला फिरायला हवंय’ असं म्हणून स्वतःला दोष देणाऱ्यांना मी हा नियम आवर्जून सांगते.

या फेरीत शरीराला सगळ्यात आधी काय मिळत असेल तर उजेड. घरातला उजेड आपल्याला पुरेसा वाटतो, कारण डोळे जुळवून घेतात आणि फरक कळूच देत नाहीत. मोजायला गेलं तर दिवे लावलेल्या खोलीत साधारण 100 ते 500 लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचं एकक) असतात. ढगाळ दिवशीसुद्धा बाहेर काही हजार मिळतात, स्वच्छ दिवशी सावलीतही 10,000 च्या पुढे, आणि थेट उन्हात 1,00,000 च्या आसपास. या फरकाला महत्त्व का, तर डोळ्यांच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत की त्या बघण्याचं काम जवळजवळ करतच नाहीत. 2002 मध्ये स्पष्ट झालं की मेलानॉप्सिन नावाच्या रंगद्रव्याच्या जोरावर त्या उजेड टिपतात आणि दिवस आहे की रात्र एवढं मेंदूतल्या घड्याळाला कळवतात. हे आतलं घड्याळ बहुतेकांच्या बाबतीत चोवीस तासांपेक्षा किंचित मंद चालतं, म्हणजे त्याला रोज थोडं पुढे सरकवावं लागतं, आणि ते काम सकाळचा उजेड करतो. दिवसभर आत बसलेल्या माणसाचं घड्याळ रोज थोडं मागे पडतं. झोप आधी बारावर, मग एकवर, मग दोनवर जाते. सकाळी डोकं जड, दुपारी चिडचिड, संध्याकाळी हुरहुर. मला येणाऱ्या फोनांमध्ये निम्मी तक्रार झोपेची असते, आणि औषधांचा विचार करण्याआधी मी विचारते की तुम्ही सकाळचे बाहेर कधी पडता. शक्य असेल तर तुमची फेरी उठल्यापासून दोन तासांच्या आत न्या. फक्त एवढा एक बदल करून झोप ताळ्यावर आलेली माणसं मी पाहिली आहेत. सूर्याकडे थेट बघायचं नाही, तशी गरजही नाही.

डोळ्यांचं आणखी एक. फोनच्या किंवा संगणकाच्या पडद्यावर तासन्‌तास बघताना डोळ्यातले बारीक स्नायू सतत आवळलेले असतात. सहा मीटरांच्या पलीकडे नजर गेली की ते सैल होतात. घरात सहा मीटर मोकळी नजर कितीजणांना मिळते? रस्त्याच्या शेवटाकडे बघत चालण्यात जो निवांतपणा वाटतो त्यात याचाही वाटा आहे.

‘तोच रस्ता’ ही तुमची तक्रार मात्र मी उलटी करून देणार आहे. रोज तोच रस्ता मिळतोय हे या काळात तुमच्या बाजूने आहे.

कारण असं की अनोळखी रस्त्यावर लक्ष रस्ता शोधण्यात जातं. ओळखीच्या रस्त्यावर पाय आपोआप चालतात आणि नजर मोकळी राहते. मिशिगन विद्यापीठातल्या रेचल आणि स्टीफन कॅप्लन या जोडप्याने लक्षाचे दोन प्रकार मांडले. एक, जोर लावून एका जागी धरून ठेवावं लागणारं: ऑनलाइन मीटिंगमधलं, हिशेबातलं, बातम्यांमधलं. ते दमतं. दुसरं, कसलाही जोर न लावता हळुवार ओढलं जाणारं: हलणारी पानं, ढग, पाण्यावरचा उजेड. दुसरं चालू असतं तेव्हा पहिल्याला विश्रांती मिळते. हे दुसरं लक्ष जागं व्हायला जंगल लागत नाही. भिंतीच्या फटीतून उगवलेलं रोपही पुरतं, अट एवढीच की उद्या, परवा, तेरवा त्याच रोपाकडे बघायला तुम्ही परत आलं पाहिजे. पहिल्या दिवशी त्यात बघण्यासारखं काही नसतं. आठव्या दिवशी नवं पान असतं, आणि ते नवं आहे हे फक्त तुम्हाला माहीत असतं.

म्हणून मी सगळ्यांना सांगते, फेरीत एक गोष्ट आपली करा. झाड, भिंतीवरची ओल, एखादं बंद दुकान, काहीही. रोज तिथे अर्धा मिनिट थांबा. बाकी रस्ता हवा तसा चाला.

कानांनाही थोडं काम द्या. 2020 च्या वसंतात जगभर लोक म्हणू लागले की पक्षी मोठ्याने गायला लागलेत. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या पांढऱ्या पट्ट्याच्या चिमण्यांवर काही अभ्यासक आधीपासून काम करत होते. त्यांनी शहर बंद असतानाचं गाणं जुन्या ध्वनिमुद्रणांशी ताडून पाहिलं, तर चिमण्या आधीपेक्षा हळू गात होत्या. वाहनांचा गोंगाट ओसरल्यामुळे त्यांना ओरडून गावं लागत नव्हतं, आणि हळू गायलेलं गाणं आधीच्या दुप्पट अंतरावर पोचत होतं. आवाज वाढला नव्हता, मधला अडथळा गेला होता. मला ही गोष्ट फार आवडते. हेडफोन लावून चालण्याला माझा सरसकट विरोध नाही, ज्यांच्या डोक्यात काळजीचं चक्र थांबतच नाही त्यांना एखादा ओळखीचा आवाज आधार देतो. पण निदान परतीच्या वाटेवर कान मोकळे ठेवून बघा.

वयस्कर माणसांवर झालेला एक छोटा प्रयोग इथे सांगते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या संशोधकांनी काही ज्येष्ठांना आठ आठवडे, आठवड्यातून एकदा, पंधरा मिनिटं चालायला सांगितलं. अर्ध्या जणांना एक जास्तीची सूचना होती: लहान मुलाच्या नजरेने बघा, थक्क करणारं काहीतरी शोधा. सगळ्यांनी प्रत्येक फेरीत स्वतःचे फोटो काढायचे होते. आठवडे सरत गेले तशी थक्क होऊन चालणाऱ्यांच्या फोटोंमध्ये त्यांची स्वतःची आकृती लहान होत गेली आणि मागचं दृश्य वाढत गेलं. चेहऱ्यावरचं हसूही रुंदावलं. त्यांनी रोजच्या जगण्यातही आनंद आणि आपुलकी जास्त वाटत असल्याचं सांगितलं. पंधरा मिनिटं, तीही आठवड्यातून एकदा. महामारीत आपण स्वतःच्या चौकटीत फार मोठे होऊन बसतो: माझा श्वास, माझा ताप, माझी नोकरी, माझ्या घरचे. चौकटीत स्वतःला थोडं लहान होऊ देण्यात सुटका आहे, आणि तशी संधी त्या रस्त्यावर मिळते.

निघण्याचाच कंटाळा येतो का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. पण बहुतेकांना येतो, म्हणून सांगते. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठात इमारतींना जोडणारी भुयारं आहेत. तिथे विद्यार्थ्यांना विचारलं गेलं की बाहेर झाडांतून चालल्यावर किती बरं वाटेल, भुयारातून चालल्यावर किती, आणि मग प्रत्यक्ष चालवलं. बाहेर चालल्यावर किती छान वाटेल याचा लोकांचा अंदाज खऱ्यापेक्षा कमी निघाला. म्हणजे निघण्याआधी मन सांगतं ती किंमत चुकीची असते, आणि ती चुकते ती बहुधा एकाच बाजूला. उदास मनाची तर आणखीच चुकते. नैराश्याच्या उपचारात आम्ही म्हणूनच क्रम उलटा लावतो. बरं वाटलं की जाईन, असं नाही. जाते, मग बरं वाटायचं तर वाटेल. बूट दाराशी काढून ठेवा, वेळ ठरवा, आणि त्या वेळी फक्त बूट घालण्यापुरता निर्णय घ्या.

माणसांबद्दल एक बोलायचं राहिलंय. समोरून कुणी येतं, तुम्हाला बघून रस्ता ओलांडून पलीकडे जातं. बुद्धीला कळतं की हे अंतर पाळणं आहे, पण शरीराला ते झिडकारल्यासारखं लागतं. दिवसातून चार-पाच वेळा असं झालं की त्याचा साठा होतो, आणि मला शंका आहे की घरी आल्यावर जाणवणाऱ्या तुमच्या जडपणात याचाही भाग असावा. उपाय अगदी साधा आहे. रस्ता ओलांडणारे तुम्ही असा वा ते, आधी नजर द्या, मान हलवा, हात वर करा, मग बाजूला व्हा. तेच अंतर तेवढ्याने एकमेकांना दिलेली जागा होऊन जातं. मास्कमागचं हसू डोळ्यांच्या कडांना दिसतं. पहिले दोन दिवस लोक गोंधळतात, तिसऱ्या दिवशी समोरून हात आधी वर होतो.

घरातल्या कुणाबरोबर फिरायला जात असाल तर जड विषय तिथे काढा. समोरासमोर बसून जे बोलता येत नाही ते बाजूबाजूने चालताना निघतं, कारण एकमेकांच्या चेहऱ्याकडे बघावं लागत नाही आणि गप्प राहिलं तरी पाय चालू असतात. वयात आलेल्या मुलांशी बोलायला याहून चांगली जागा मला सापडलेली नाही. आणि ज्यांनी या काळात कुणाला गमावलंय, निरोपही नीट देता आला नाही, त्यांना चालताना रडू येतं. येऊ द्या. त्याने फेरी बिघडत नाही.

काहींना ही अर्ध्या तासाची मुभाही नाही. विलगीकरणात असाल, लक्षणं असतील, तर बाहेर जायचं नाही, तिथे तडजोड नाही. पण मग खिडकीला कमी लेखू नका. रॉजर उलरिक यांनी 1984 मध्ये एक छोटा पण गाजलेला अभ्यास प्रसिद्ध केला. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले 46 रुग्ण, निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. खुर्ची खिडकीला टेकवून ठेवा, कारण खिडकीपासून दोन पावलं आत आलं तरी उजेड झपाट्याने घटतो. खोलीतल्या खोलीत चालणंही वाया जात नाही. 2014 मध्ये स्टॅनफर्डला झालेल्या प्रयोगांत कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चालणाऱ्यांनासुद्धा बसून राहिलेल्यांपेक्षा जास्त नव्या कल्पना सुचल्या. आणि इंग्लंडमधले टॉम मूर, शंभरी गाठत आलेले माजी सैनिक, चालण्याच्या आधारगाड्याला धरून आपल्या बागेत 25 मीटरांच्या फेऱ्या मारत राहिले, वाढदिवसाआधी शंभर पूर्ण करायच्या म्हणून. त्यातून आरोग्यसेवेसाठी तीन कोटी पौंडांहून जास्त निधी जमला, पण मला त्यातला निधी आठवत नाही, आठवतात ते पंचवीस मीटर.

काही जणांना उलट त्रास होतो, मुभा आहे आणि दाराबाहेर पाय निघत नाही. छाती धडधडते, हवेतच विषाणू आहे असं वाटतं. त्यांनी एकदम रस्त्यावर जाऊ नये. आधी दार उघडून उंबऱ्यात पाच मिनिटं. ते सवयीचं झालं की जिन्यापर्यंत, मग फाटकापर्यंत, मग पहिल्या वळणापर्यंत. प्रत्येक ठिकाणी भीती थोडी उतरेपर्यंत थांबायचं आणि मगच मागे फिरायचं. ती शिगेला असताना पळून आलं तर पळाल्यामुळेच वाचलो, असं मन शिकतं. गर्दी नसलेल्या उघड्या जागेत संसर्गाचा धोका बंद खोलीपेक्षा बराच कमी असतो, ही माहितीही त्यांना आधाराची वाटते.

फेरीच्या हातात नसलेल्या गोष्टीही आहेत. सलग दोन आठवडे दिवसाचा बराचसा भाग उदास जात असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप आणि भूक पार बदलली असेल, किंवा जगू नये असे विचार येत असतील, तर चालणं चालू ठेवाच, पण डॉक्टरांना किंवा मानसोपचाराच्या हेल्पलाइनला फोन करा. शेवटचा विचार येत असेल तर दोन आठवडे थांबायचं नाही, आजच फोन करायचा. तुमच्या लिहिण्यावरून तुम्ही तिथे आहात असं मला वाटत नाही. बाहेर असताना तुम्हाला बरं वाटतं आहे, ही चांगली खूण आहे.

तेव्हा पुढचे आठ दिवस एवढंच करा. सकाळी निघा, रस्ता तोच ठेवा, एक गोष्ट आपली करा, बाराव्या मिनिटाला मागे फिरा, दाराबाहेर दोन मिनिटं थांबा, आत गेल्यावर हाताने काहीतरी करा आणि एक ओळ लिहा. नवव्या दिवशी त्या आठ ओळी मला पाठवा, आणि दार लावल्यावर आता कसं वाटतं तेही लिहा. कोंडल्यासारखं तेव्हाही वाटत असेल, तर ते दिवसाच्या नेमक्या कुठल्या वेळी सुरू होतं ते बघून पुढचं ठरवू.